कोड्यांची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे, बाजारहाटाची. माझा मूळचा रंग पिवळसर होता. आता तो फार उकळलेल्या चहासारखा दिसतो. मुठीवर निळ्या कापडाच्या पट्टीचे वेढे आहेत आणि बुडाच्या दोन काड्या उंदरांनी कुरतडल्या आहेत. माझ्या वयाच्या टोपल्या कधीच चुलीत गेल्या, नाहीतर शोभेसाठी खाणावळींच्या भिंतींवर टांगल्या गेल्या. मी मात्र अजून दर शुक्रवारी बाजारात जाते आणि कांदे-बटाटे वाहते. हे भाग्य मला कुणामुळे लाभलं, ते आज तुम्हाला सांगते.

डॅन्यूबच्या मुलखातल्या आमच्या लोवेच गावातून ओसम नदी वाहते. तिच्या काठी वाळुंजाची झाडं दाटीनं उगवतात. कुझमान नावाचा म्हातारा थंडीत त्यांच्या कोवळ्या फांद्या कापायचा, सोलायचा आणि नदीच्याच पाण्यात भिजत घालायचा. ओल्या फांद्या त्याच्या बोटांत दोऱ्यासारख्या वळत. त्यानं मला दोन दिवस विणलं आणि मूठ तर खास जाड केली. मग छपराचा जुना पूल ओलांडून त्यानं मला शुक्रवारच्या बाजारात नेऊन मांडलं.

तिथे मला योंकाबाईंनी उचललं. त्या काळा पोशाख घालून आल्या होत्या, कारण त्यांच्या नवऱ्याला जाऊन फार दिवस झाले नव्हते. सोबत त्यांचा लहान मुलगा तिहोमीर होता. बाप गेल्यापासून त्या मुलानं बोलणंच टाकलं होतं. शाळेतून यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा.

“मूठ तुटणार नाही ना हो?” योंकाबाईंनी विचारलं.

“बाई, यात तुमचा मुलगा बसवा आणि डोंगर चढून जा. तुम्ही थकाल, टोपली थकायची नाही,” कुझमान म्हणाला.

योंकाबाईंनी मला कोपरात अडकवलं. दोन पावलं चालून त्या थांबल्या आणि मुलाकडे वळल्या. “तिहो, या टोपलीत पहिली वस्तू कोणती पडणार, ते मी सांगणार नाही. तूच ओळख. विद्यापीठातून विद्या काढून घेतली. काय उरलं?”

आम्ही मिरच्यांचे ढीग ओलांडले, कोंबडीवाल्यांचा गलका ओलांडला. पुलाजवळ आल्यावर खालून, अगदी बारीक आवाजात उत्तर आलं, “पीठ.”

योंकाबाई इतक्या मोठ्यानं हसल्या, की मागून कुझमाननं मान वर करून पाहिलं. त्याला वाटलं असेल, बाईंना टोपली फारच आवडलेली दिसते.

त्या दिवसापासून त्यांच्या घरात बाजाराचं सामान कुणी सरळ सांगितलं नाही. योंकाबाई कोडं घालायच्या, तिहोमीर मला घेऊन निघायचा, वाटेत डोकं खाजवायचा आणि उत्तर आणायचा. हळूहळू त्याचं बोलणं परत आलं. पुढे तर त्याला गप्प बस म्हणून सांगावं लागे.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तिकडची भाषा वेगळी, अक्षरं वेगळी. त्यांची कोडी जशीच्या तशी सांगितली तर तुम्हाला त्यातली गंमत कळायची नाही. म्हणून मी ती तुमच्या काना-वेलांटीत बसवून सांगते आहे. माणसं आणि घडलेल्या गोष्टी मात्र तशाच आहेत.

तिहोमीर मोठा झाला, सायकलींच्या कारखान्यात लागला आणि त्यानं लग्न केलं. नेवेना डॅन्यूबकाठच्या विदिन गावाची. तिचे वडील नावाडी होते. त्यांच्या घरी बोलणं कमी आणि सरळ. मीठ हवं असेल तर ‘मीठ दे’ म्हणायचं, बस्स. अशी ती मुलगी आमच्या घरी आली, आणि दुसऱ्याच आठवड्यात सासूबाईंनी तिच्या हातात मला दिलं.

“नेवेना, दहा घे. दुसऱ्या अक्षराचा काना मोड आणि तिथे वेलांटी लाव. जे होईल ते घेऊन ये. आंबट नको, ताजं बघ.”

नेवेना घाबरली. तिला वाटलं, इकडे काहीतरी आणण्याची तशीच पद्धत असेल. परत विचारायची तिला लाज वाटली. वाटभर ती ‘दहा… मोड… दहा… मोड…’ असं पुटपुटत होती. शेवटी तिनं दहा लाल मिरच्या घेतल्या आणि दहाही मिरच्यांचे देठ नीट मोडून त्या माझ्यात ठेवल्या.

योंकाबाईंना हवं होतं दही! मिरच्या बघून त्या पोट धरून हसल्या. डोळ्यांतून पाणी आलं, खुर्चीत बसावं लागलं. संध्याकाळी तिहोमीर हसला, दुसऱ्या दिवशी शेजारीण हसली. नेवेनाही सगळ्यांबरोबर हसली. पण पुढच्या शुक्रवारी पुलावरच्या बाकावर ती मला मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली होती. माझ्या काड्यांवर दोन थेंब पडले. पावसाचे नव्हते.

बाजारात भाजीवाला स्लावी काका तिची वाट बघत असायचा. सगळ्या बाजारालाच उत्सुकता असायची, की आज योंकाबाईंनी सुनेला काय घातलं असेल.

“काय सूनबाई, आज कोणतं कोडं?”

“सांगोवांगी,” नेवेना रडवेल्या आवाजात म्हणाली. “त्यातलं ‘सांगो’ तिथंच ठेवून ये, म्हणाल्या.”

स्लावी काकानं मांडीवर थाप मारली. “मला आलं! पण मी सांगणार नाही.”

“का हो काका?”

“मागे एकदा तुझ्या नवऱ्याला उत्तर सांगून टाकलं होतं. तुझी सासू महिनाभर माझ्याकडे फिरकली नाही. वर गावभर सांगत सुटली, की स्लावीच्या टोमॅटोंना चव नसते. तू एक काम कर. माझ्या मालावरून नजर फिरव. जांभळं काय काय दिसतंय?”

नेवेनानं पाहिलं. ओठ हलले. “सांगो… वांगी. अगंबाई, वांगी!”

आजूबाजूच्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. एका अनोळखी म्हातारीनं तिची पाठ थोपटली. घरी जाताना नेवेनाची चाल वेगळी होती; मी तिच्या कोपरावर झुलत होते, आणि टोपलीला झुलणं नुसत्या चालण्यापेक्षा नेहमीच जास्त आवडतं.

पण सगळंच काही इतकं सोपं गेलं नाही. संत पेत्काचा सण आला. त्या दिवशी योंकाबाईंकडे सगळे नातेवाईक जेवायला यायचे. सकाळपासून धावपळ चालली होती. मोठा गोल पाव भाजायचा होता. योंकाबाई कणकेचे हात न धुताच म्हणाल्या, “नेवेना, पळत जा. गालावर एकच शोभतो, पावावर मूठभर. लवकर!”

घाईत नेवेनाच्या कानांत फक्त ‘गालावर शोभतो’ एवढंच शिरलं. तिला वाटलं, सणाचा दिवस आहे, सासूबाईंना जरा नटावंसं वाटत असेल. तिनं आपल्या आवडीचा गालाला लावायचा गुलाबी रंग घेतला, छान डबीतला. परत येईपर्यंत पाहुणे जमले होते. योंकाबाईंनी सगळ्यांसमोर माझ्यावरचं फडकं उचललं, आणि तीळ असायला हवे होते तिथे निघाली डबी.

“अगंबाई!” योंकाबाईंची नणंद गेना ओरडली. “आमची योंका या वयात नटायला लागली! कुणासाठी गं?”

घर हसण्यानं दणाणलं. पाव तिळांशिवाय बोडकाच भट्टीत गेला. नेवेना मला हातात धरून उभी होती.

“आई,” ती म्हणाली, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. “तुम्हाला काय हवंय ते सरळ सांगायला काय होतं हो? मी काय मदाऱ्याचं अस्वल आहे? तुम्ही ढोलकं वाजवायचं, मी नाचायचं आणि लोकांनी हसायचं?”

योंकाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी डबी उचलून फळीवर नीट ठेवली. “चुकलं माझं,” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या सरळ बोलू लागल्या. “नेवेना, अर्धा किलो कांदे. एक साबण. कोथिंबीर ताजी असेल तर.” स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा होतात ना, तशा आवाजात. नेवेना सगळं बरोबर आणू लागली. चूक नाही, हसू नाही. घर अगदी शांत झालं.

असेच काही दिवस गेले. एकदा वीजमीटर बघायला माणूस आला. जाताना त्यानं विचारलं, “बाई, मी दुकानाकडेच चाललोय. तुमचं काही आणायचंय?” योंकाबाई म्हणाल्या, “एक काडेपेटी आणा, उपकार होतील.” पुढे शेजारणीची पाहुणी आली, तिलाही त्यांनी सरळ सांगितलं, “साखर, एक किलो.” नेवेना दारात उभी राहून ऐकत होती. मी खिळ्यावर होते, त्यामुळे मला तिचा चेहरा समोर दिसत होता. तिच्या लक्षात काहीतरी आलं होतं. या बाईंनी मीटरवाल्याला कधी कोडं घातलं नाही. पाहुणीला घातलं नाही. गावात कुणालाच घातलं नाही. कोडी फक्त दोघांना घातली, पोटच्या मुलाला आणि तिला.

त्या शुक्रवारी तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि दारात थांबली.

“एक बरणी जाम, आणि…” योंकाबाईंनी सुरुवात केली.

“आई, मी जात नाही.”

“का गं? बरं वाटत नाहीये का?”

“कोडं घातल्याशिवाय जात नाही.”

योंकाबाई चुलीकडे वळल्या. भांडं उगाचच एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवलं. पदराला हात पुसावेत तसे त्यांनी एप्रनला पुसले, आणि तसेच पुसत राहिल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, “चहाडीची शेपटी काप. उरेल ते आण. डोंगरावरचा आण, आपला कोपऱ्यावरचा वाणी जुना देतो.”

“चहा!” नेवेना ओरडली.

“अगं, इथेच काय सांगतेस! वाटेत विचार करायला देते मी. पोरगी घरातच उत्तर देऊन मोकळी!”

पण त्या हसत होत्या, आणि नेवेनाही.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. आता कोडी दोन्ही बाजूंनी सुरू झाली. नेवेना बाजारातून यायची, माझ्यावर फडकं झाकायची आणि सासूबाईंना ओळखायला लावायची. एकदा ती म्हणाली, “आई, शेवटच्या अक्षराला वेलांटी दिली तर गळ्यात पडते. नाही दिली तर आमटीत पडतं. काय आणलंय?”

योंकाबाईंनी डोळे बारीक केले. “मीठ. पण पहिल्या अक्षराची वेलांटी चुकतेय तुझी. मिठीतला ‘मि’ ऱ्हस्व असतो.”

“चालवून घ्या हो, आई,” म्हणत नेवेनानं त्यांच्या गळ्यात हात टाकले. योंकाबाईंना अशा गोष्टींची सवय नव्हती. त्या लाकडासारख्या ताठ उभ्या राहिल्या, आणि मग हळूच त्यांचा एक हात सुनेच्या पाठीवर आला.

नात झाली, बोर्याना. ती थोडी मोठी झाल्यावर तीही माझी मूठ धरून चालू लागली. आजी तिला विचारायची, “शाळेत मिळाला तर रडू येतं, बाजारात मिळाला तर गोड खायला मिळतं. सांग?” बोर्याना ओरडायची, “भोपळा!” आणि तेवढ्याच मोठ्यानं स्लावी काका ओरडायचा, “हा घ्या भोपळा!” थंडीत भोपळा घालून केलेल्या गोड गुंडाळीचा वास माझ्या काड्यांत भिनला. कुझमान एकदा बाजारात दिसला. फार वाकला होता. त्यानं माझी मूठ दाबून पाहिली आणि म्हणाला, “बाई, ही तुम्ही चांगली वापरलीत.” कारागिराच्या तोंडून याहून मोठं कौतुक कोणतं!

मग दिवस बदलले. सायकलींचा कारखाना बंद पडला. तिहोमीर मालट्रक चालवू लागला. आठवडेच्या आठवडे परदेशातल्या रस्त्यांवर असे. नेवेना कपड्यांच्या कारखान्यात जादा पाळ्या करू लागली. गावाबाहेर मोठं दुकान उघडलं. तिथे भाजी, साबण, दूध सगळं एकाच छपराखाली मिळे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या फुकट. नेवेना आठवड्याचं सामान एकाच फेरीत आणायची. योंकाबाई काही सुचवायला गेल्या, की ती पायांत बूट चढवता चढवता म्हणायची, “आई, आज वेळ नाही हो. पटकन सांगा, काय हवंय?” आणि त्या पटकन सांगायच्या. बोर्याना शिकायला राजधानीत गेली. मला तळघरात ठेवलं. माझ्यात जुने अक्रोड भरले, मग अक्रोड संपले आणि तुटक्या कुलपांचा, गंजलेल्या खिळ्यांचा ढीग झाला. उंदरांनी माझं बूड कुरतडलं. मूठ सुकून तडकली. मी कुणाला दोष देत नाही. नेवेना दमून यायची ते मला वरच्या पावलांच्या आवाजावरून कळायचं.

एका सप्टेंबरात अंगणात मिरच्या भाजायचं काम चाललं होतं. दर वर्षी हिवाळ्यासाठी मिरच्या भाजून बरण्यांत भरतात. योंकाबाई चिमट्यानं मिरच्या उलटत होत्या. अचानक चिमटा पडल्याचा आवाज आला. मग मिरच्या करपल्याचा वास तळघरापर्यंत आला. मग नेवेनाची किंकाळी.

अर्धांगाच्या झटक्यातून योंकाबाई वाचल्या. पण इस्पितळातून आल्या तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि शब्द हरवले होते. म्हणजे शब्द होते, पण चुकीचे यायचे. उशीला त्या ‘पूल’ म्हणायच्या, दिव्याला ‘मंगळवार’. डॉक्टरबाई फार समजूतदार होत्या. त्यांनी नेवेनाला जवळ बसवून सांगितलं, “शब्द गेलेले नाहीत. आत आहेत, पण त्यांच्या हाताला लागत नाहीत. घाई करू नका. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करून टाकू नका.”

तिहोमीर सुट्टी काढून आला. आईच्या पलंगाशी उभा राहून विचारू लागला, “आई, पाणी हवं? खिडकी उघडू? चादर टोचतेय का?”

“घोडा,” योंकाबाई म्हणाल्या.

“काय?”

“घोडा! घोडा!” त्यांनी डाव्या हातानं चमचा फेकून दिला. तो मोठा, ट्रक चालवणारा माणूस अंगणात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. लहानपणी जसा पडायचा, तसाच.

नेवेना पलंगाशी बसली. तिनं काही विचारलं नाही. योंकाबाईंनी डावा हात उचलला, कोपरात वाकवला आणि तसाच अंगाजवळ धरून ठेवला. “घोडा,” त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी हळू. “हात… घोडा.”

नेवेना त्या वाकवलेल्या कोपराकडे बघत राहिली. तिथे काही नव्हतं. पण काहीतरी असायला हवं होतं.

“ओझं वाहतो,” ती पुटपुटली. “हातावर बसतो. आई… टोपली?”

योंकाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी पलंगावर जोरानं थाप मारली. एकदा, दोनदा.

मित्रांनो, मी तळघरात गंजलेल्या खिळ्यांखाली होते, आणि वर त्या बाईंना मी हवी होते. हे मला नंतर नेवेनाच्या बोलण्यातून कळलं. तेव्हा फक्त दार उघडल्याचा उजेड दिसला. नेवेनानं मला उलटं करून सगळा कचरा काढला, मऊ ब्रशनं धुतलं आणि ओल्या कापडात गुंडाळून ठेवलं. वाळुंज फार कोरडा झाला की तुटतो, थोडा ओलावा दिला की पुन्हा लवचीक होतो. तडकलेल्या मुठीला तिनं कारखान्यातली निळी पट्टी घट्ट गुंडाळली. मग मला पलंगावर ठेवलं. योंकाबाईंनी डावा हात माझ्यात घातला आणि रिकाम्या बुडावरून बोटं फिरवत राहिल्या.

“मला कसं कळलं नाही,” तिहोमीर दारातून म्हणाला.

“कारण तू उत्तरं विचारत होतास,” नेवेना म्हणाली. “त्या कोडं घालत होत्या.”

तिनं जादा पाळ्या सोडल्या. पैसे कमी आले, पण तिहोमीरनं एका शब्दानं विरोध केला नाही. पुढच्या शुक्रवारी नेवेना मला घेऊन जुन्या बाजारात गेली. स्लावी काका अजून तिथेच होता, केस पांढरे झाले होते आणि बसायला आता गादी लागत होती. मला बघून तो उठून उभा राहिला.

“सूनबाई! आज काय घातलंय सासूनं?”

“आज मी घालणार आहे, काका,” नेवेना म्हणाली.

त्यानं माझ्यात एक गाजर, एक कांदा, एक सफरचंद टाकलं आणि वर म्हणाला, “तिला सांग, स्लावीचे टोमॅटो अजून बेचव आहेत.”

वाटेत बेकरीतून पाव घेऊन नेवेना घरी आली, मला पलंगावर ठेवलं आणि फडकं झाकलं. योंकाबाईंनी फडक्याखाली हात घालून एकेक वस्तू चाचपायची. नेवेनानं कोडं घालायचं, असं ठरलं. “देवाला म्हणतात, वजनात चौथा हिस्सा होतो, आणि बेकरीत रोज सकाळी गरम मिळतो.”

योंकाबाईंची बोटं खरपूस कडेवरून फिरली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. घाम आला. शब्द नेवेनाच्या जिभेच्या टोकावर होता, पण तिनं ओठ घट्ट मिटले होते.

“पा…” योंकाबाई म्हणाल्या. “पा… पाव.”

त्या पावाचे मोठे तुकडे योंकाबाईंनी पलंगावर बसून आणि तिहोमीर-नेवेनानं उभ्याउभ्याच खाल्ले.

रोज काही असं जमत नसे. एकदा योंकाबाई चहाचा कप समोर ठेवून चिडल्या. “माशी! माशी नको!” तिहोमीर वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन खोलीभर माशी शोधत धावला. पडद्यामागे बघितलं, पलंगाखाली बघितलं, दिवा हलवला. “कुठेय माशी? एकही माशी नाही!”

“अरे थांब,” नेवेना म्हणाली. “मधमाशीतली माशी नको. काय उरलं?”

“मध,” तिहोमीर म्हणाला, आणि हातात वर्तमानपत्र धरून मुलासारखा हसू लागला. योंकाबाई त्याच्याकडे बघून मान हलवत राहिल्या, जणू म्हणत होत्या, एवढा मोठा झालास आणि अजून डोकं चालत नाही.

काही शब्द आले, काही आलेच नाहीत. नेवेनाचं नाव काही त्यांना सापडलं नाही. त्या तिला ‘शुक्रवार’ म्हणायच्या. “शुक्रवार, पाणी.” “शुक्रवार, इकडे ये.” सुरुवातीला नेवेना नाव शिकवायचा प्रयत्न करायची. मग तिनं ते सोडून दिलं. शेजारीण म्हणाली, “अगं, हे कसलं नाव!” नेवेना म्हणाली, “असू दे. बाजाराचा दिवस आहे तो.”

वसंत ऋतू आला. योंकाबाई आता काठी धरून अंगणात द्राक्षवेलीखाली बसू लागल्या. एका शुक्रवारी नेवेना बाजारातून आली तेव्हा फार दमली होती. सकाळी कारखाना, मग पुलापलीकडे औषधं, मग बाजार. तिनं मला बाकावर ठेवलं आणि शेजारीच मटकन बसली. संध्याकाळच्या स्वयंपाकाचा विचार तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

ती फडकं काढायला वाकली, तेवढ्यात योंकाबाईंनी आपला डावा हात फडक्यावर दाबून धरला.

“शुक्रवार,” त्या म्हणाल्या. “तुझ्या… कष्टांचं… काय झालं?”

नेवेनाला वाटलं, सासूबाईंना आपली दया येते आहे. “काही नाही हो आई. कसले कष्ट? थोडी दमले, इतकंच.”

“नाही!” योंकाबाईंनी काठी आपटली. “कोडं. कोडं!”

नेवेना सरळ होऊन बसली. आजारपणानंतर योंकाबाईंनी समजून-उमजून एकही कोडं घातलं नव्हतं. शब्द ओळखणं वेगळं. शब्दाला दोन बाजूंनी धरून गंमत करणं फारच वेगळं. योंकाबाईंच्या कपाळावर शीर उभी राहिली होती. त्या एकेक शब्द जड दगडासारखा उचलून समोर ठेवत होत्या.

“कष्टांचं… होतं. दुधाचं… पण… होतं.”

माझ्यात कागदात गुंडाळलेला पांढऱ्या चीजचा तुकडा होता. त्याचं खारट पाणी कागदातून झिरपून माझ्या काड्यांत उतरत होतं. योंकाबाईंना त्याचा वास आला असणार.

मला आधी वाटलं, नेवेनाला उत्तर आलं नाही. पण तिला आलं होतं. ती सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होती आणि तिच्या ओठांना उत्तर पेलत नव्हतं.

“चीज,” शेवटी ती म्हणाली. “चीज झालं, आई.”

योंकाबाईंनी फडक्यावरचा हात काढला. समाधानानं मागे टेकल्या, डोळे मिटले, आणि एका डोळ्यानं पुन्हा बघत म्हणाल्या, “मग… बसलीस काय? काप.”

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. तुमच्या घरात, शेजारात कुणीतरी असेल, ज्याचे शब्द वाटेत अडखळतात. आजोबा असतील, एखादी काकू असेल, वर्गातली एखादी मुलगी असेल. त्यांच्या तोंडात आपला शब्द कोंबू नका. हसून उठूनही जाऊ नका. त्यांच्या शेजारी एक पाट घ्या आणि बसा. शब्द यायला उशीर लागेल. लागू द्या. तो आला की त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मी बाकावर बसून अगदी जवळून पाहिलं आहे.